शास्त्राचा तास आणि राजकारण

"शाळेंत राजकारण आणूं नये" हें वाक्य आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेलें आहे. पालक तें म्हणतात, शाळेचे चालक म्हणतात, आणि आम्ही शिक्षकही पुष्कळदां म्हणतों. इतिहासाच्या किंवा नागरिकशास्त्राच्या तासाला हा नियम पाळणें कठीण आहे, हें कोणीही कबूल करील. पण शास्त्राच्या तासाला तो सहज पाळतां येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चुंबकाच्या ध्रुवांस पक्ष नसतो. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांवर उकळतें, मग तें गांव मुंबई असो कीं लंडन असो. बेडकाच्या हृदयाचे कप्पे कोणत्याही निवडणुकीच्या निकालानें तिनाचे चार होत नाहींत. मग ज्या खोलींत परीक्षानळ्या आणि स्पिरिटचे दिवे मांडलेले आहेत, तेथें राजकारणानें शिरावें तरी कोठून?

परंतु थोडें बारकाईनें पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. रोगजंतूंचा पाठ चालला असतां एखादी मुलगी उठून विचारते, "लस टोचून घेण्याची सरकारनें सक्ती करावी काय?" विजेचा पाठ चालला असतां एखादा मुलगा विचारतो, "अणुशक्तीचें वीजघर समुद्रकांठींच कां बांधतात, आणि तेथील लोक त्याला विरोध कां करतात?" हे प्रश्न विचारणारीं मुलें उद्धट नसतात, आणि तीं राजकारणही करीत नसतात. वर्गांत जें ऐकलें तें त्यांनीं घरीं आणि रस्त्यांत ऐकलेल्या गोष्टींशीं ताडून पाहिलेलें असतें. आणि असें ताडून पाहण्यास आम्हींच त्यांना शिकविलेलें असतें. अशा वेळीं शिक्षकानें काय करावें, ह्याविषयीं निरनिराळ्या देशांतील शिक्षकांचीं मतें काय आहेत, आणि त्यांतून आपण काय घ्यावें, हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असा आमचा विचार आहे.

प्रथम 'राजकारण' ह्या शब्दाचा अर्थ पाहूं. ह्या एका शब्दांत आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबतों. एक म्हणजे पक्षांची चढाओढ: कोणास निवडून द्यावें, कोणाची सत्ता यावी, कोणाची जावी. दुसरी म्हणजे अनेक लोकांनीं एका गांवांत किंवा एका देशांत राहतांना सर्वांचें मिळून काय करावयाचें तें ठरविणें: पाणी कोणाला आधीं द्यावें, रोगाची सांथ आली तर बाजार बंद ठेवावा कीं नाहीं, डोंगर फोडावा कीं राखावा. पहिल्या अर्थाचें राजकारण वर्गांत नसावें, ह्याविषयीं जबाबदार शिक्षकांत फारसा मतभेद नाहीं. खरा वाद आहे तो दुसऱ्या अर्थाविषयीं. आणि त्याविषयीं शिक्षकांचे तीन पक्ष दिसून येतात.

पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, ह्या वाटेला मुळींच जाऊं नये. त्यांचीं कारणें हलकीं नाहींत. विद्यार्थी वर्गांत स्वखुषीनें बसलेला नसतो. भाषण आवडलें नाहीं तर सभेंतून उठून जातां येतें, पण तासांतून उठून जातां येत नाहीं. शिवाय परीक्षेचे गुण शिक्षकाच्या हातीं असतात, आणि त्याच्या मताला आपोआपच एक प्रकारचें वजन येतें. पालकांनीं आपलीं मुलें आमच्या स्वाधीन केलेलीं असतात तीं शास्त्र शिकण्यासाठीं, आमच्या मतांचे अनुयायी होण्यासाठीं नव्हे.

दुसरा पक्ष म्हणतो, वाद टाळतां येणार नाहीं. म्हणून प्रत्येक वादग्रस्त गोष्टीच्या दोन्ही बाजू सारख्याच वजनानें मांडाव्या आणि निवड विद्यार्थ्यांवर सोपवावी. तिसरा पक्ष म्हणतो, शिक्षक हाही नागरिक आहे. त्याला जें योग्य वाटतें तें त्यानें उघड सांगावें, कारण अन्यायाच्या वेळीं मौन धरणें म्हणजे अन्यायाला संमति देणें होय.

ह्या तिन्ही मतांना अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिलें पाहिजे. ह्या बाबतींत अमेरिकेचा अनुभव सर्वांत जुना आणि सर्वांत बोधप्रद आहे. त्या देशांतील टेनेसी संस्थानानें 1925 सालच्या मार्च महिन्यांत एक कायदा केला. मनुष्य खालच्या प्रतीच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला, असें सरकारी शाळांत शिकविणें त्या कायद्यानें गुन्हा ठरलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत डेटन ह्या लहानशा गांवीं जॉन स्कोप्स नांवाच्या तरुण शिक्षकावर त्या कायद्याखालीं खटला झाला. एका बाजूला तीन वेळां राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन, दुसऱ्या बाजूला क्लॅरन्स डॅरो हे नामांकित वकील, आणि मध्यें चोवीस वर्षांचा शिक्षक, असा तो देखावा होता. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. 1927 सालीं वरच्या न्यायालयानें तो दंड एका तांत्रिक कारणावरून रद्द केला. पण कायदा मात्र 1967 सालापर्यंत जिवंत राहिला.

ह्या खटल्यांतील दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहींत. पहिली अशी कीं, ज्या पुस्तकावरून हा कथित गुन्हा घडला, तें हंटर यांचें जीवशास्त्राचें पुस्तक त्याच संस्थानानें शाळांसाठीं नेमलेलें होतें. म्हणजे एका हातानें सरकारनें पुस्तक दिलें आणि दुसऱ्या हातानें तें शिकविणें गुन्हा ठरविलें. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच पुस्तकांत उत्क्रांतितत्त्वाच्या जोडीला मनुष्यजातीच्या वंशांची उच्चनीच प्रतवारी लावलेली होती, आणि दुर्बळ व मंदबुद्धि लोकांची संतति होऊं देऊं नये, अशा अर्थाचा उपदेशही होता. हें शास्त्र नव्हतें. तें त्या काळच्या कांहीं लोकांचें राजकारण होतें, आणि तें शास्त्राचा अंगरखा घालून वर्गांत येऊन बसलें होतें. उत्क्रांतीवर एवढा गदारोळ झाला, परंतु ह्या भागावर खटला कोणीच भरला नाहीं. ब्रायन यांस मात्र ह्या तत्त्वाच्या नांवाखालीं बलवानांनीं दुर्बळांस चिरडावें असें कोणी म्हणेल, ही भीति वाटत होती. आणि तेवढ्यापुरती ती अगदींच निराधार नव्हती. तात्पर्य, शिक्षकानें तोंड मिटलें म्हणजे राजकारण वर्गाबाहेर राहतें असें नाहीं. तें कधीं कधीं पाठ्यपुस्तकांतूनच आंत येतें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. श्रद्धा आणि उत्क्रांति यांचें हाडवैर आहे असें जें चित्र त्या खटल्यामुळें जगापुढें उभें राहिलें, तें पुरतें खरें नाहीं. डार्विनचें मत अमेरिकेंत प्रथम हिरिरीनें मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. आणि आनुवंशिकतेचे नियम शोधून काढणारा मेंडेल हा तर मठांत राहणारा धर्मगुरु होता.

आतां मौनाच्या पक्षाची कसोटी पाहूं. डेटनच्या खटल्यानंतर ऐंशी वर्षांनीं, न्यायालयांचे निकाल उत्क्रांतीच्या बाजूनें लागून चुकल्यावर, अमेरिकेंतील बर्कमन व प्लट्झर ह्या दोन प्राध्यापकांनीं जीवशास्त्राच्या 926 शिक्षकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2011 सालीं प्रसिद्ध झाले. शेंकडा 28 शिक्षक उत्क्रांतितत्त्व स्पष्टपणें शिकवीत होते. शेंकडा 13 त्याच्या विरुद्ध शिकवीत होते. आणि उरलेले सुमारें शेंकडा 60 शिक्षक अंग चोरून चालत होते. त्यांच्या अंग चोरण्याच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. कांहीं जण केवळ सूक्ष्म पेशींपुरतें बोलून मनुष्याचें नांव टाळीत. कांहीं सांगत, "परीक्षेपुरतें पाठ करा, विश्वास ठेवलाच पाहिजे असें नाहीं." आणि कांहीं दोन्ही बाजू मांडून "तुमचें तुम्ही ठरवा" म्हणून मोकळे होत. ह्या शेवटच्या तऱ्हेंत दुसऱ्या पक्षाचेंही स्वरूप उघड होतें. ज्या गोष्टीचा निर्णय पुराव्यानें लागलेला आहे तिच्या बाबतींत "दोन्ही बाजू" मांडणें हा निःपक्षपातीपणा नव्हे. पृथ्वी वाटोळी कीं सपाट, हें वर्गांत हात वर करून ठरवावयाचें नसतें. पुढें 2019 सालच्या पाहणींत स्थिति पुष्कळ सुधारलेली आढळली, हें सांगावयास आनंद वाटतो.

पृथ्वीच्या वाढत्या तापमानाविषयींही असाच अनुभव आला. ह्या विषयांतील मूळ गोष्टी मोजमापाच्या आहेत. कारखानदारीचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें 280 भाग होते. 1958 सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हां ते सुमारें 315 होते, आणि 2024 सालीं 420 च्या वर गेलेले होते. कोळसा व खनिज तेलें जाळल्यानें ही वाढ झाली, आणि तिच्यामुळें पृथ्वी तापत आहे, ह्याविषयीं त्या शास्त्राच्या अभ्यासकांत आतां दुमत राहिलेलें नाहीं. तथापि 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेंतील सुमारें 1500 शिक्षकांच्या पाहणींत असें आढळलें कीं, हा विषय शिकविणाऱ्यांपैकीं शेंकडा 30 शिक्षक "ही उष्णता बहुधा नैसर्गिक कारणांनीं वाढली" असें सांगत. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली होती काय? नाहीं. उघड दबाव आल्याचें सांगणारे शंभरांत पांचही नव्हते. मग कारण काय? त्यांतील निम्म्याहून अधिक शिक्षकांस शास्त्रज्ञांत ह्याविषयीं किती एकमत आहे हेंच ठाऊक नव्हतें. देशांतील राजकीय वादळ पाहून त्यांनीं शास्त्रांतही तसेंच वादळ चाललें असेल, असें गृहीत धरलें होतें. जो शिक्षक राजकारणाकडे पाहतच नाहीं, त्याला तें राजकारण कोठें संपतें आणि शास्त्र कोठें सुरू होतें हें तरी कसें कळावें?

आतां तिसरा पक्ष. शिक्षकानें, किंवा शिक्षकाच्या तोंडून राज्यकर्त्यानें, एकाच बाजूचा पुरस्कार केला तर काय होतें, ह्याचें भयंकर उदाहरण रशियानें घालून दिलें. लिसेंको नांवाच्या शेतकीतज्ज्ञानें मेंडेलची आनुवंशिकता खोटी व 'भांडवलशाही' आहे असें ठरविलें, आणि स्टॅलिनच्या पाठिंब्यानें 1948 सालच्या ऑगस्टांत तेंच सरकारी मत झालें. त्यापूर्वींच जगभर हिंडून धान्यांचीं बीजें गोळा करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह यांस 1940 सालीं पकडण्यांत आलें होतें, आणि 1943 सालीं ते साराटोव्हच्या तुरुंगांत मरण पावले होते. कित्येक वर्षें त्या देशांतील मुलें चुकीचें जीवशास्त्र शिकलीं. शिकविणारे सगळेच अज्ञानी नव्हते. परंतु खरें काय तें पुराव्यानें ठरण्याऐवजीं सत्तेनें ठरूं लागलें, आणि जाणत्यांस बोलण्याची सोय राहिली नाहीं.

तेव्हां तिन्ही मतांत सत्याचा अंश आहे, आणि तिन्ही मतें एकेकटीं अपुरीं आहेत. ह्यांतून वाट कशी काढावी? आम्हांस असें वाटतें कीं, "राजकारणाची चर्चा करावी कीं न करावी" हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणीं मांडलेला आहे. खरा प्रश्न हा कीं, समोर आलेला प्रश्न कोणत्या जातीचा आहे हें विद्यार्थ्यास ओळखतां येतें कीं नाहीं. प्रश्नांच्या तीन जाती आहेत. पहिली: काय आहे? ह्याचें उत्तर प्रयोगानें व निरीक्षणानें लागतें. दुसरी: अजून काय कळलेलें नाहीं? येथें जाणत्यांतही मतभेद असतो. तिसरी: काय करावें? ह्याचें उत्तर एकटें शास्त्र देऊं शकत नाहीं; त्यांत न्याय, दया, पैसा, स्वातंत्र्य, चालीरीती ह्या सर्वांचा विचार येतो, आणि तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें असतें.

आपल्याच प्रांतांतील एका उदाहरणानें हें स्पष्ट करूं. 1896 सालीं मुंबईंत प्लेगची सांथ सुरू झाली आणि पुढील वर्षीं तिनें पुण्यास गांठलें. प्लेगचा जंतु येर्सिन यानें 1894 सालीं हाँगकाँग येथें शोधून काढलेला होता. हाफकीन यांनीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगवरील लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. हा झाला पहिल्या जातीचा प्रश्न: रोग कशानें होतो? जंतूनें. सूक्ष्मदर्शकाखालीं तो इंग्रजालाही दिसत होता आणि हिंदी माणसालाही दिसत होता.

पण जंतु एका माणसापासून दुसऱ्याकडे जातो कसा? 1897 सालीं हें कोणालाच नीट ठाऊक नव्हतें. उंदराच्या अंगावरील पिसवा तो पसरवितात, असें सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें 1898 सालीं कराचीस दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. हा दुसऱ्या जातीचा प्रश्न होता. त्याचें प्रामाणिक उत्तर त्या वेळीं "अजून कळलेलें नाहीं" हेंच होतें.

आणि तिसरा प्रश्न: सांथ थांबविण्यासाठीं काय करावें? सरकारनें 1897 च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यांत रँड यांच्या हाताखालीं गोरे शिपाई घरोघर शिरून झडती घेऊं लागले. आजाऱ्यांस व त्यांच्या माणसांस उचलून छावण्यांत नेऊं लागले. देवघर, स्वयंपाकघर, बायकामाणसांची अब्रू ह्या कशाचाच विचार राहिला नाहीं, अशी लोकांची तक्रार होती. 'केसरी'नें सरकारवर कडक टीका केली. 22 जून 1897 च्या रात्रीं चाफेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली, आणि पुढें ते त्या जखमेनें मरण पावले. त्याच सांथींत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची शुश्रूषा करतां करतां 10 मार्च 1897 रोजीं स्वतः प्लेगला बळी पडल्या.

आतां प्लेगचा पाठ शिकवितांना शिक्षकानें केवळ जंतूचें चित्र काढून थांबावें काय? तसें केलें तर आपलें शिक्षण अर्धें राहिलें. उलट, सरकारी जुलमाचें वर्णन करतां करतां "जंतु वगैरे सगळें थोतांड होतें" असा ग्रह मुलांचा होऊं दिला तर तें शिक्षण खोटें झालें. खरें शिकविणें हें कीं, जंतु खरा होता. त्याच्या प्रसाराविषयींचें ज्ञान अपुरें होतें. आणि त्या अपुऱ्या ज्ञानावर लोकांना न विचारतां जी कठोर अंमलबजावणी झाली ती योग्य होती कीं नाहीं, हा न्यायाचा प्रश्न होता. सरकारच्या वागण्याचा राग आलेल्या माणसानें जंतूचें अस्तित्व नाकारण्याचें कारण नाहीं. आणि जंतु खरा मानणाऱ्यानें सरकारचें प्रत्येक करणें योग्य मानण्याचेंही कारण नाहीं. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या मनांत पक्की झाली, तर तो पुढें कोणत्याही पक्षांत गेला तरी त्याला सहजासहजीं कोणी फसवूं शकणार नाहीं.

हाच विवेक इंग्लंडांतील एका न्यायाधीशानें एका निराळ्या प्रसंगीं दाखविला. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनीं पृथ्वीच्या तापमानावर केलेला एक बोलपट 2006 सालीं निघाला, आणि पुढील वर्षीं इंग्लंडच्या सरकारनें त्याच्या प्रती सर्व माध्यमिक शाळांस पाठविण्याचें ठरविलें. केंट परगण्यांतील एका पालकानें त्याविरुद्ध दावा लावला. तेथील 1996 च्या शिक्षणविषयक कायद्यानें कोणत्याही विषयाच्या शिकवणुकींत एका पक्षाचीं राजकीय मतें पसरविण्यास मनाई आहे, आणि राजकीय प्रश्न निघाला तर विरुद्ध मतें समतोलपणें मांडलीं पाहिजेत असें बंधन आहे. न्यायमूर्ति बर्टन यांनीं ऑक्टोबर 2007 मध्यें निकाल दिला. बोलपटांतील मुख्य शास्त्रीय सिद्धांत पुराव्याला धरून आहेत. परंतु नऊ ठिकाणीं तो शास्त्रज्ञांच्या सर्वमान्य मतापलीकडे गेलेला आहे, उदाहरणार्थ समुद्र नजीकच्या काळांत वीस फूट चढेल असें सुचविणें. आणि उपायांविषयींचें त्याचें म्हणणें राजकीय आहे. म्हणून बोलपट दाखवावा, पण सोबत शिक्षकांसाठीं सूचना द्याव्या आणि चर्चा करावी. सरसकट बंदी नाहीं आणि सरसकट मोकळीकही नाहीं. चाळणी लावून गहू व खडे वेगळे करावे, असाच तो निकाल होता.

जर्मनींत हिटलरच्या राजवटींत शाळांतून जें झालें त्याचा अनुभव ध्यानांत ठेवून, 1976 सालीं बॉइटेल्सबाख ह्या गांवीं जमलेल्या शिक्षणतज्ज्ञांच्या विचारांतून तीन नियम निघाले. शिक्षकानें विद्यार्थ्यावर आपलें मत लादूं नये. विद्वानांत व समाजांत जें वादग्रस्त आहे तें वर्गांतही वादग्रस्त म्हणूनच मांडावें. आणि परिस्थिति पारखून आपलें हित कशांत आहे तें ओळखण्याची शक्ति विद्यार्थ्यास यावी. दुसऱ्या नियमाची एक दुसरी बाजूही आहे असें आम्ही समजतों: जें विद्वानांत वादग्रस्त नाहीं, तें केवळ बाहेर आरडाओरड होते म्हणून वर्गांत वादग्रस्त करूं नये.

आपल्या देशांतही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाहीं. 2023 सालीं एन्.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग आणि मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचें प्रकरण काढलेलें आढळलें. महामारीनंतर विद्यार्थ्यांवरील ओझें कमी करावें हा हेतु आहे, आणि हे विषय पुढील इयत्तांत आहेतच, असें मंडळाच्या बाजूनें सांगण्यांत आलें. उलट, दहावीनंतर पुष्कळ विद्यार्थी शास्त्रशाखा घेत नाहींत, त्यांना हें ज्ञान कधींच मिळणार नाहीं, असें अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व इतर नागरिकांनीं सही केलेल्या पत्रांत म्हटलें होतें. येथेंही आपली तिपेडी कसोटी लावून पाहा. उत्क्रांति घडली कीं नाहीं, हा पहिल्या जातीचा प्रश्न. त्यावर मतदान नाहीं. ती कोणत्या इयत्तेंत शिकवावी, हा तिसऱ्या जातीचा; त्यावर सुज्ञ माणसांत मतभेद होऊं शकतो, आणि तो सभ्यपणें बोलून दाखविण्याचा हक्क दोन्ही बाजूंस आहे. आपल्या राज्यघटनेंत 1976 सालीं नागरिकांचीं जीं मूलभूत कर्तव्यें घातलीं गेलीं, त्यांत वैज्ञानिक दृष्टि, मानवता आणि शोधक बुद्धि यांचा विकास करणें हेंही एक आहे. शोधक बुद्धि वाढवावयाची आणि शोध करण्याजोगे प्रश्न मात्र दाराबाहेर ठेवावयाचे, हें जमण्यासारखें नाहीं.

मग प्रत्यक्ष वर्गांत काय करावें? आम्ही सुचवितों ती रीत सोपी आहे. असा प्रश्न निघाला कीं फळ्यावर तीन रकाने आंखावे: 'कळलेलें', 'न कळलेलें', 'ठरवावयाचें'. समजा प्रश्न अणुशक्तीच्या वीजघराचा आहे. युरेनियमचा परमाणु फुटून उष्णता कशी निघते, हें पहिल्या रकान्यांत. निरुपयोगी झालेलें इंधन हजारों वर्षें सुरक्षित कसें राहील ह्याविषयीं जी शंका शिल्लक आहे ती दुसऱ्यांत. कोळशाचा धूर सोसावा कीं हा धोका पत्करावा, आणि ज्यांची जमीन व मासेमारी जाते त्यांना काय द्यावें, हें तिसऱ्यांत. पहिल्या रकान्यांत शिक्षकानें ठाम असावें, दुसऱ्यांत प्रामाणिक असावें आणि तिसऱ्यांत न्यायी असावें. तिसऱ्या रकान्यांत प्रत्येक बाजूचें म्हणणें असें मांडावें कीं, त्या बाजूचा माणूस वर्गांत असता तर त्यानेंही "होय, आमचें म्हणणें हेंच" असें म्हटलें असतें. आणि तो माणूस पुष्कळदां वर्गांत असतोच! एकाचा बाप कोळी असतो, दुसऱ्याचा मामा वीजखात्यांत असतो. त्या दोन मुलांना एकमेकांचें ऐकून घेण्याची संवय येथें लागली नाहीं, तर ती पुढें कोठें लागणार?

"पण गुरुजी, तुमचें स्वतःचें मत काय?" असें मुलें हटकून विचारतात. लहान इयत्तांत तें न सांगणेंच बरें. वरच्या इयत्तांत मुलांनीं आग्रहच केला, तर सर्व बाजू मांडून झाल्यावर, 'हें माझें मत आहे, हा धडा नव्हे' असें म्हणून, कारणांसह सांगावें. आणि त्याच्या विरुद्ध लिहिणाऱ्याचा एकही गुण जाणार नाहीं, हें वागण्यानें दाखवावें. जो विद्यार्थी शिक्षकाशीं सकारण मतभेद दाखवितो, त्याच्यावरून शिक्षकाची परीक्षा होते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. मूल घरीं येऊन म्हणालें, "आज शास्त्राच्या तासाला सरकारच्या धोरणाविषयीं बोलणें झालें," तर लगेच शाळेवर रागावूं नये. बाईंनीं किंवा गुरुजींनीं काय आहे तें सांगितलें, कीं काय करावें तें सांगितलें, हें त्याला विचारावें. पहिलें असेल तर पुरावा काय तें ऐकून घ्यावें. दुसरें असेल आणि एकच बाजू सांगितली असेल, तर शाळेंत येऊन आम्हांस अवश्य जाब विचारावा. तो आपला हक्क आहे. परंतु घरांतील मताशीं जुळत नाहीं एवढ्यावरून मोजमापाचा आंकडा बदलण्यास कोणी शिक्षकास सांगूं नये; कारण तसा आंकडा बदलणारा शिक्षक उद्यां दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरूनही तो बदलील.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही लवकरच मत देणारे नागरिक व्हाल. त्या वेळीं तुमच्यापुढें येणारे कित्येक प्रश्न पाण्याचे, रोगांचे, विजेचे, बीबियाण्यांचे आणि हवेचे असतील, आणि प्रत्येक बाजूचा माणूस "शास्त्र आमच्याच बाजूला आहे" असें ओरडून सांगेल. तेव्हां त्याला शांतपणें दोन गोष्टी विचारा: तुम्ही सांगतां तें मोजून पाहिलेलें आहे काय? आणि मोजून झाल्यावर जें करावयाचें, त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार आहे? पहिल्या प्रश्नाशिवाय मनुष्य भोळा राहतो, आणि दुसऱ्याशिवाय निर्दय होतो. शास्त्राच्या तासाला तुम्हीं हे दोन्ही प्रश्न विचारावयास शिकलां, तर तो तास सत्कारणीं लागला असें आम्ही समजूं.